दोनशे अडुसष्ट नंबरची पेटी

हिलालचा डावा कान लूमने खाल्ला होता. सुरतेत, उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बावीस वर्षं तो मागांच्या दोन रांगांमध्ये उभा राहिला, आणि त्या खटखटाटात डावा कान पुरता गेला, उजवा निम्मा राहिला. खात्यातली माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालीवरूनच बोलत, त्यामुळे कान गेल्याचं त्याला बरेच दिवस कळलंसुद्धा नाही. पन्नाशी उलटली, खातं बंद पडलं, मालकाने लूम भंगारात काढले, आणि अमळनेरकडच्या एका ओळखीच्या माणसाने हिलालला हायवेवर लावून दिलं. काम काय, तर फोन तपासायचे. निम्म्या कानाच्या माणसाला फोन तपासायचं काम मिळालं म्हणून कोसाडच्या त्याच्या चाळीत लोक बरेच दिवस हसत होते.

सुरतच्या बाहेरून जाणाऱ्या त्या रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने पिवळ्या पेट्या उभ्या आहेत. खांबावर पेटी, पेटीच्या डोक्यावर सोलरची प्लेट, पुढे लाल बटण आणि बोलायला जाळी. गाडी बंद पडली, अपघात झाला, तर बटण दाबायचं. टोलनाक्याशेजारच्या कंट्रोल रूममध्ये दिवा लागतो, पेटीचा नंबर दिसतो आणि तिथली बाई विचारते, काय झालं, कुठे आहात. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असल्यामुळे त्या पेट्यांकडे कोणी बघत नाही. ट्रकवाले त्यांच्या आडोशाला बसून जेवतात, बस्स. पण पेट्या चालू ठेवायचा नियम आहे, म्हणून हिलाल रोज मोटारसायकलवर निघे. प्लेटवरची धूळ पुसायची, बटण दाबायचं, नंबर सांगायचा, पुढे जायचं. समोरचा आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे तो जाळीवर तळहात ठेवी. माणसाचा आवाज हाताला वेगळा लागतो आणि वाऱ्याचा वेगळा, असं तो सांगे, आणि ते खरं होतं. आठ वर्षांत त्याची तपासणी कधी चुकली नव्हती.

दोनशे अडुसष्ट नंबरची पेटी चलथाणच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात होती. दिवाळीनंतर एका ट्रकने तिला धडक दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिलाल पोहोचला तेव्हा काँक्रीटमधले चार बोल्ट तेवढे उरले होते. पेटी, प्लेट, खांब सगळं कोणीतरी उचलून नेलं होतं. पेटी चोरीला गेली, असं त्याने लिहून दिलं. नवी पेटी येणार होती, ती काही आली नाही.

जानेवारीच्या मध्यावर, एका सोमवारी दुपारी त्याला कविताचा फोन आला. कविता कंट्रोल रूममध्ये दिवसपाळीला असे. माहेर हिंगोलीकडचं, नवरा बांधकामावर सेंटरिंगच्या कामाला. हिलालला ती काका म्हणायची आणि फोनवर त्याच्यासाठी जरा मोठ्याने, सावकाश बोलायची. तिने विचारलं, दोनशे अडुसष्ट नंबर नवीन बसवली का. हिलाल म्हणाला, नाही, तिथे अजून चार बोल्टच आहेत.

"मग काका, आत्ता तिच्यावरून कॉल कसा आला?"

कॉल बारा पस्तीसला आला होता. कोणी बोललं नाही. नुसती लाईन उघडी राहिली, आणि त्यात वाळक्या पाल्यासारखी सळसळ. आणि कोणीतरी जाळीच्या अगदी जवळ उभं आहे, असं कविताला सारखं वाटत राहिलं. दहा-अकरा मिनिटांनी लाईन आपोआप तुटली.

सुपरवायझर संदीप म्हणाला की सिस्टिमचा घोटाळा आहे, कंपनीला मेल टाकतो. हिलाललाही ते पटलं. पण मंगळवारी पुन्हा बारा पस्तीसला तोच दिवा लागला. नेमकी त्या वेळी पेट्रोलिंगची गाडी त्याच पट्ट्यात होती. कविताने त्यांना वायरलेसवर सांगितलं. गाडी चार बोल्टांपाशी थांबली, माणसं उतरली, इकडेतिकडे बघितलं. रस्त्याच्या कडेला चिटपाखरू नव्हतं. आणि तिकडे कविताच्या कानात त्याच क्षणी एक बाई बोलत होती. दुरून, हळू, एका लयीत. शब्द लागत नव्हते. कविताने तीनदा विचारलं, ताई, गाडी कुठं बंद पडलीय. त्या बाईने उत्तर दिलं नाही, पण बोलणं थांबवलंही नाही.

संध्याकाळी हिलाल स्वतः तिथे जाऊन उभा राहिला. दोन ट्रकांच्या मध्ये रस्ता क्षणभर मोकळा होई, आणि तेवढ्या वेळात पाठीमागच्या उसाची सळसळ एकदम अंगावर आल्यासारखी वाटे. त्याला ती ऐकू येत नव्हती, मानेवर जाणवत होती. त्याने बोल्टांना हात लावून बघितला. लोखंड गार होतं.

बुधवारी तो साडेबाराच्या आधीच कंट्रोल रूममध्ये जाऊन बसला. बारा पस्तीस झाले. दिवा लागला. कविताने त्याच्याकडे बघितलं, आवाज स्पीकरवर टाकला, आणि हिलालने नेहमीसारखा तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवून उजवा कान जवळ नेला.

आधी पाला. मग बाईचा आवाज.

"आठे मानूस पडेल शे."

थोडं थांबून पुन्हा तेच. आवाजात घाई नव्हती, रडणं नव्हतं. शेजारणीला निरोप सांगावा तसा.

कविताला अहिराणी येत नव्हती. काय म्हणते, तिने विचारलं.  हिलाल म्हणाला, "इथे माणूस पडलेला आहे, म्हणते." मग तो स्पीकरवर वाकला आणि आपल्या भाषेत विचारू लागला, माय, तू कोण, कुठून बोलतेस, कोणतं गाव. तिकडून पुन्हा तेच वाक्य, त्याच लयीत. मग लांब कुठेतरी साखर कारखान्याचा भोंगा वाजला, तो स्पीकरमधून आला. आणि बारा सेहेचाळीसला लाईन तुटली.

 आता हिलालचं डोकं चालू लागलं, कारण पेटी हा त्याचा विषय होता. पेटीत मोबाईलसारखंच सिम असतं, म्हणजे चोरून नेली तरी ती कुठूनही बोलू शकते. दोनशे अडुसष्टची बॅटरी धडकेच्या आधीपासूनच मेलेली होती. प्लेटवर ऊन असेल तेवढाच वेळ ती चालायची, ते त्यानेच पूर्वी लिहून दिलं होतं. मग रोज अकराच मिनिटं, तीही एकाच वेळी, याचा अर्थ काय? पेटी अंधारात आहे. छपराला भोक असलेल्या कुठल्यातरी जागी. सूर्य डोक्यावर आला की भोकातून कवडसा प्लेटवर पडतो, आणि सरकला की पेटी मरते. जागा भोंग्याच्या टप्प्यात आहे. आणि एवढं लोखंड खांद्यावर घेऊन माणूस फार लांब गेला नसणार.

हे त्याने संदीपला समजावलं. संदीप म्हणाला, चोराने पेटी ठेवली असेल आणि त्याच्या घरातली कोणी बाई बटणाशी खेळत असेल. पण "मानूस पडेल शे" याचं काय, असं हिलालने विचारलं. तेव्हा संदीपने त्याला बाकीच्या पेट्या सोडून शोधायची मोकळीक दिली.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत हिलालने रस्त्याच्या दोन्ही बाजू पालथ्या घातल्या. पत्र्याच्या शेड, बंद गॅरेज, मोटारपंपाच्या खोल्या. लोक त्याच्याकडे संशयाने बघत. कुठे छपराला भोक असे तर खाली पेटी नसे. बाकी जिकडे तिकडे ऊस, दीड पुरुष उंच, आत काय आहे ते दिसायची सोय नाही.

घरी आल्यावर त्याने जेवताना बायकोला सगळं सांगितलं. पुष्पाबाई कमी बोलणारी बाई. सुरतेत तीस वर्षं काढून तिने घरात अहिराणीशिवाय दुसरी भाषा येऊ दिली नव्हती. तो म्हणाला की आवाज माणसाचा होता की नाही तेच समजत नाही. हाताला तो माणसाचा लागला नाही, वाऱ्याचाही नाही. हे त्याने कविताला सांगितलं नव्हतं. पुष्पाबाईने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"कोन सांगी ऱ्हायनं ते मांगे दख," ती म्हणाली. "मानूस पडेल शे ना? तो आदी दख." आधी पडलेला माणूस बघ, सांगणारं कोण ते मागाहून, एवढंच तिचं म्हणणं.

गुरुवारी सकाळी तो त्या पट्ट्यात गेला तेव्हा देखावा बदललेला होता. चार बोल्टांच्या मागचं शेत रात्री पेटवून दिलं होतं, तोडणीच्या आधी पाला जाळतात तसं, आणि सकाळपासून तोडणीवाले त्यात उतरले होते. काळी राख हवेत तरंगत होती, कपड्यांवर बसत होती. अकरा-साडेअकरापर्यंत निम्मं शेत मोकळं झालं. त्या मोकळ्या शेतापलीकडे, जिथे कालपर्यंत नुसती हिरवी भिंत होती, तिथे हिलालला एक छप्पर दिसलं. सिमेंटच्या पत्र्यांचं, मध्ये खचलेलं.

तोडणीवाल्यांना विचारलं तर त्यांच्या मुकादमाने सांगितलं, जुना वजनकाटा आहे, कधीचा बंद पडलेला. काट्याची खोली, आणि तिच्या मागे ऊसतोडणीच्या टोळ्या उतरायच्या त्या दोन खोल्या. तिकडे कोणी जात नाही. का, ते त्याला माहीत नव्हतं. जात नाहीत एवढंच.

हिलालने मोटारसायकल बांधावर लावली आणि जळक्या थोटकांमधून चालत निघाला. वाटेत त्याने घड्याळ बघितलं. बारा छत्तीस. पायाखाली राख गरम होती. पाठीमागे कोयत्यांचा आवाज येत असणार, पण त्याच्या कानापर्यंत काही पोहोचत नव्हतं. सगळं शेत मुक्याने हलत होतं. काट्याच्या खोलीला दार नव्हतं. आत कोणी नव्हतं. मागच्या पहिल्या खोलीच्या उंबऱ्याशी तो आला आणि थांबला.

छपरातून उन्हाचा एक जाड खांब खाली उतरला होता, आणि त्या उन्हात भिंतीला टेकून पिवळी पेटी ठेवलेली होती. तिचा लाल दिवा लागला होता. पेटीतून आवाज येत होता. रिकाम्या खोलीत तो घुमत होता, म्हणून हिलाललाही ऐकू आला. कविताचा आवाज.

"हो ताई, मी ऐकतेय. घाबरू नका. आमचा माणूस निघालाय. तुम्ही बोलत राहा ताई."

खोलीत बाई नव्हती.

 हिलाल चौकट धरून उभा राहिला. मग त्याला उन्हाच्या पलीकडे, अंधारात, कोपऱ्यातली पडलेली भिंत दिसली. भिंतीखालून एक माणूस बाहेर आलेला होता, कमरेपासून वर. डोळे उघडे होते. ते हिलालकडे वळले तेव्हा हिलालला कळलं की हा जिवंत आहे.

तो पेटीकडे धावला, गुडघ्यावर बसला, जाळीवर हात ठेवून म्हणाला, "पोरी, मी हिलाल. माणूस सापडला. चार बोल्टांमागच्या शेतापलीकडे, जुन्या वजनकाट्यामागच्या खोलीत. गाडी पाठव, अँब्युलन्स पाठव, जॅक पाठव."

 कविता म्हणाली, "काका, त्या ताई कुठं आहेत? आत्ता तर बोलत होत्या. तुमच्या आवाजाच्या आधी, अगदी लागून."

"इथं कोणी नाही."

तेवढ्यात कवडसा सरकला आणि दिवा विझला.

उठताना हिलालने खाली बघितलं. भिंत पडली तेव्हा चुना आणि मातीची धूळ साऱ्या खोलीभर बसली होती, पिठासारखी. त्या धुळीत उंबऱ्यापासून पेटीपर्यंत पावलं उमटली होती. ती त्याच्या बुटांची होती. दुसरी नव्हती. पडलेल्या माणसापासून पेटीपर्यंतचं अंतर चार हात तरी होतं, आणि मधली धूळ कोणी हलवलेली नव्हती.

पुढचं भराभर झालं. तोडणीवाले धावत आले. एका ट्रकवाल्याने जॅक दिला. संदीप स्वतः आला, शर्ट काढून विटा उपसायला लागला, आणि भिंत उचलली तेव्हा त्या माणसाला ओढून बाहेर काढणाऱ्यांत पहिला हात त्याचाच होता. अँब्युलन्स सुरतेकडे गेली. हिलाल तिच्यात बसला, कारण त्या माणसाने त्याची बाही सोडली नव्हती.

त्याचं नाव चिंधा. पारोळ्याकडचा. तोही लूमवालाच, खातं बंद झाल्यावर भंगार वेचायला लागलेला. पेटी त्यानेच उचलली होती. त्या पडक्या खोल्या ही त्याची माल ठेवायची जागा. रविवारी संध्याकाळी मधल्या भिंतीतली लोखंडी तुळई काढायला गेला आणि भिंत अंगावर आली. उजव्या हाताशी पाण्याची मोठी बाटली होती, तिच्यावर त्याने चार दिवस काढले. मोबाईल पायांबरोबर विटांखाली गेला होता. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर हा हाती लागला नसता.

तिसऱ्या दिवशी हिलाल आणि पुष्पाबाई त्याला भेटायला गेले. पुष्पाबाईने खिचडी नेली होती. चिंधाच्या चेहऱ्यावर आता रंग होता. त्याने हिलालला जवळ बोलावून उजव्या कानाशी विचारलं.

"भाऊ, ती बाई कोठे गई?"

हिलालने विचारलं, कोणती बाई. चिंधा सांगू लागला. ऊन खाली उतरलं की ती असायची, ऊन गेलं की नसायची. येताना दिसली नाही, जाताना दिसली नाही. लुगडं, त्याच्यावर पुरुषी शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, उसात पाला कापू नये म्हणून तोडणीच्या बाया घालतात तसा. डोक्याला फडकं. त्याच्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. पाठ करून पेटीशी उभी राही आणि बोले. पहिल्या दिवशी त्याने मदत मागितली, हाका मारल्या, शिव्याही दिल्या. मग त्याच्या लक्षात आलं की तिला तो ऐकू जात नाही, किंवा जातो पण ती कामात आहे.

"तुले भेव नई वाटनं?" पुष्पाबाईने विचारलं.

चिंधाने मान हलवली. ऊन गेल्यावर भीती वाटायची, म्हणाला. ती नसताना.



हिलाल कामाचा माणूस, गोष्ट अर्धी सोडणारा नव्हे. त्याने कविताला रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. सोमवारचं होतं, मंगळवारचं होतं, बुधवारचं, गुरुवारचं होतं. बुधवारच्या रेकॉर्डिंगमध्ये हिलालचे प्रश्न स्वच्छ ऐकू येत होते. माय, तू कोण, कुठून बोलतेस. भोंगाही होता. बाईच्या जागी मात्र चारही दिवस नुसता पाला होता. कविताने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आपण दोघांनी ऐकलंय काका, एवढंच ती म्हणाली. नंतर ते रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे पुसलं गेलं. कविताने पुढच्या महिन्यात बिलिंगच्या काउंटरवर बदली मागून घेतली.

वळणावर मगनभाईची चहाची टपरी होती. तो त्या भागातला जुना माणूस. हिलालने त्याला वजनकाट्याबद्दल विचारलं. मगनभाई म्हणाला, दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत तिथे टोळ्या उतरत. खानदेशातल्या, डांगातल्या. दिवाळीनंतर यायच्या, उन्हाळ्यात जायच्या. मग काटा दुसरीकडे गेला. हिलालने सरळच विचारलं, तिथे कोणी बाई गेली होती का, आजाराने, बाळंतपणात, भिंत पडून, काहीही.

मगनभाईने गाळणी झटकली. "गेली असेल तरी मला कोण सांगणार, भाई? टोळी येते, टोळी जाते. माणसं मोजून कोण घेतं?"

यापलीकडे कोणाकडून काही कळलं नाही.

पेटी सापडल्याचा कागद हिलालने लिहिला, त्यात ती शेतात पडलेली मिळाली असं लिहिलं. संदीपने तो वाचला, हिलालकडे बघितलं आणि सही केली. नवी बॅटरी घालून पेटी परत तिच्या चार बोल्टांवर उभी राहिली. तिच्यावरून पुन्हा कॉल आला नाही. चिंधा कुबडी घेऊन गावी गेला आणि भावाच्या किराणा दुकानात बसू लागला. पारोळ्याच्या बाजूचं कोणी सुरतेला येणार असलं की त्याच्या हाती तो हिलालकडे बाजरी पाठवतो.

मार्च महिन्यात सर्व्हिस रोडसाठी ती पडकी जागा पाडायची ठरली. ज्या दिवशी जेसीबी येणार त्या दिवशी हिलालने आपल्या पेट्या सकाळीच उरकल्या आणि तो तिथे गेला. ड्रायव्हर बिहारी होता, जेवणाआधी काम संपवायच्या घाईत. हिलालने त्याला दहा मिनिटं थांब म्हणून हात जोडले. ड्रायव्हर वैतागला, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याने इंजिन बंद केलं.

हिलाल उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. आता पत्रे आणखी खचले होते, ऊन तीन-चार ठिकाणांहून आत येत होतं. धुळीत कुत्र्यांची पावलं होती. त्याने बरोबर आणलेली बाजरीची भाकरी आणि पाण्याचा तांब्या आत भिंतीशी ठेवला. काय म्हणावं ते त्याला सुचेना. नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं.

"आठे कोनी शे का?" त्याने विचारलं. उजवा कान पुढे करून वाट बघितली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

मग तो म्हणाला, "माय, मानूस वाचना. घर गया तो." आणि बाहेर येऊन त्याने ड्रायव्हरला हाताने खूण केली.